प्राचार्य मॉर्गन आणि त्यांचा टोनी

गेल्या वर्षी परीक्षेत मानसशास्त्राच्या पेपरात प्रयत्न-प्रमाद पद्धतीवर प्रश्न आला होता. गाइडमधले उत्तर मला तोंडपाठ होते. मी ते जसेच्या तसे उतरवले आणि गुणही चांगले मिळाले. घरी निकाल सांगितला तेव्हा सातवीतल्या धाकट्या भावाने प्रयत्न-प्रमाद म्हणजे काय, असे सहज विचारले. मी पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवले. त्याने त्याचा अर्थ विचारला आणि मला काही सांगता येईना. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पोरीला सगळे समजते, असे आईवडिलांना वाटते. त्या दिवशी मला फार ओशाळल्यासारखे झाले.

पुढे ग्रंथालयात चाळता चाळता एका जुन्या पुस्तकात मला एक माणूस आणि त्याचा कुत्रा भेटला. माणसाचे नाव कॉन्वी लॉइड मॉर्गन आणि कुत्र्याचे नाव टोनी. माझा प्रश्न या दोघांनी सोडवला म्हणून त्यांची ओळख करून देत आहे.

मॉर्गन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८५२ रोजी लंडनमध्ये झाला. मानसशास्त्राशी त्यांचा प्रथम काहीच संबंध नव्हता. ते लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये खाणकाम आणि धातुशास्त्र शिकत होते. तेथे थॉमस हक्स्ली या डार्विनच्या खंद्या पुरस्कर्त्याशी त्यांची गाठ पडली आणि त्यांचे मन प्राणिसृष्टीकडे वळले. १८७८ ते १८८३ ही पाच वर्षे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत रोंडेबॉश येथील महाविद्यालयात शिकवले. संकटात सापडलेला विंचू स्वतःला नांगी मारून आत्महत्या करतो, अशी समजूत त्या काळी होती. मॉर्गन यांनी विंचवांवर प्रत्यक्ष प्रयोग केले. एकाही विंचवाने आत्महत्या केली नाही. ते प्रयोग आज वाचताना निर्दय वाटतात, हेही सांगितले पाहिजे. परंतु ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, हा त्यांचा स्वभाव त्यातून दिसतो.

१८८४ मध्ये ते ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूशास्त्र व प्राणिशास्त्र शिकवू लागले आणि १८९१ मध्ये तेथेच प्राचार्य झाले. त्या काळात प्राण्यांच्या बुद्धीवर जॉर्ज रोमानिस यांचा शब्द मोठा मानला जाई. रोमानिस हे डार्विनचे तरुण स्नेही. त्यांच्या १८८२ च्या ग्रंथात जनावरांच्या शहाणपणाच्या कितीतरी हकिकती गोळा केलेल्या आहेत. दाराची कडी उघडणारे एक मांजर त्यात आहे. मांजराला कडीची रचना कळते, असा त्याचा अर्थ रोमानिस यांनी लावला होता. मॉर्गन यांना रोमानिस यांच्याविषयी आदर होता. १८९४ मध्ये रोमानिस अकाली वारले, तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले लेखन मॉर्गन यांनीच संपादित केले. पण अशा हकिकतींवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. हकिकत सांगणाऱ्याने कडी उघडणारे मांजर पाहिलेले असते, शिकणारे मांजर पाहिलेले नसते, ही त्यांची मुख्य अडचण होती.

येथे टोनीचा प्रवेश होतो. टोनी फॉक्स टेरिअर जातीचा होता. टेरिअर म्हणजे बिळात शिरून कोल्ह्याला हुसकावण्यासाठी इंग्लंडात पैदा केलेले छोटे, चपळ आणि हट्टी कुत्रे. मॉर्गन यांच्या घरापुढे लोखंडी गजांचे फाटक होते आणि दोन्ही बाजूंना गज बसवलेली बुटकी भिंत होती. टोनी बाहेर जायचे असले म्हणजे मानेने कडी उचलायचा. फाटक आपल्या वजनाने उघडायचे आणि स्वारी रस्त्यावर. नवख्याने हे पाहिले असते तर कुत्र्याच्या बुद्धीचे कौतुक केले असते. परंतु मॉर्गन यांनी ही सवय पहिल्या दिवसापासून खिडकीतून पाहिली होती.

पहिल्या दिवशी टोनी बाहेरची मांजरे आणि कुत्री पाहण्यासाठी भिंतीवर इकडून तिकडे धावत होता आणि दिसेल त्या फटीतून डोके बाहेर काढत होता. तीन-चार मिनिटांनी त्याचे डोके योगायोगाने नेमके कडीखाली गेले आणि कडी उचलली गेली. त्याने डोके मागे घेतले. तो दुसऱ्या फटीकडे वळतो तोच फाटक उघडत असलेले त्याला दिसले आणि तो पळाला. त्यानंतर मॉर्गन यांनी त्याच्यासाठी फाटक उघडणे बंद केले. ते नुसते थांबून राहत. चुकीच्या फटी हळूहळू कमी होत गेल्या. पहिल्याच झटक्यात योग्य जागी मान घालायला टोनीला जवळजवळ तीन आठवडे लागले. आणि तेव्हाही तेथे मान घातल्याने फाटक का उघडते, याची त्याला कल्पना नसावी, असे मॉर्गन यांचे मत होते.

दुसरा प्रयोग काठीचा होता. गजांमधून काठी आणायची तर ती तिरपी धरावी लागते. टोनी ती आडवीच धरायचा आणि गजांवर आपटायचा. मग वाकड्या मुठीची काठी दिली. ती मूठ गजात अडकली आणि टोनी ओढाताण करू लागला. रस्त्याने जाणारा एक माणूस दोन मिनिटे थांबला आणि कुत्रा मोठा हुशार आहे, अडचण कुठे आहे ते त्याला बरोबर कळते, असा शेरा मारून गेला. आधीची धडपड त्याने पाहिलीच नव्हती.

अशा निरीक्षणांतून १८९४ मध्ये तुलनात्मक मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ झाला आणि त्यात प्रसिद्ध मॉर्गनचा नियम आला. प्राण्याची एखादी कृती साध्या मानसिक प्रक्रियेने उलगडत असेल, तर तिच्यामागे वरच्या पायरीची बुद्धी कल्पू नये, असा त्याचा भावार्थ आहे. स्वतंत्र पुरावा असेल तर उच्च बुद्धी मानायला हरकत नाही, असेही त्यांनी नंतर स्पष्ट केले. म्हणजे प्राण्यांना मन नाही, असे ते म्हणत नव्हते.

१८९६ मध्ये त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी थॉर्नडाइक यांचे पेटीतल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले, जे आपल्या अभ्यासक्रमात आहेत. १८९९ मध्ये मॉर्गन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मानसशास्त्रातील कार्यासाठी हा मान मिळालेले ते पहिलेच. १९०९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते पहिले कुलगुरू झाले, पण लवकरच ते पद सोडून पुन्हा प्राध्यापक म्हणून वर्गात आले. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि ६ मार्च १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबने कुत्र्यांच्या आज्ञापालन स्पर्धांचे नियम मंजूर केले. मालकाच्या डाव्या बाजूने चालणे, हाक मारताच येणे, सांगितले तितका वेळ बसून राहणे, अशा कसोट्या उतरल्या की कुत्र्याला किताब मिळतो. २०१७ पासून तेथे निरनिराळ्या करामतींसाठीही वेगळे किताब आहेत. टेरिअर या कामी अवघड समजले जातात, कारण बिळात मालकाच्या नजरेआड स्वतःच्या मर्जीने काम करण्यासाठीच त्यांची पैदास झाली. त्यांना शिकवणारे जाणकार बळजबरी करत नाहीत. हवी ती हालचाल आपोआप घडण्याची वाट पाहतात, त्याच क्षणी खाऊ किंवा आवडते खेळणे देतात आणि मोठ्या करामतीचे लहान लहान तुकडे पाडून एकेक पक्का करतात. टोनीचे बक्षीस रस्ता हे होते. मॉर्गन यांनी फाटक न उघडता थांबून राहणे आणि या शिक्षकांचे थांबून राहणे, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

परीक्षकाला मात्र तयार झालेली करामतच दिसते. कुत्र्याला त्यातले काय कळते, हा प्रश्न किताब देताना विचारला जात नाही. कुत्र्याच्या बाबतीत तो विचारण्याची गरजही नसेल. माझ्या बाबतीत तो माझ्या भावाने विचारला. परीक्षेत मी योग्य फटीत मान घातली होती आणि फाटक उघडले होते. मित्रहो, आपल्यापैकी कितीजण असे दर वर्षी एकेक फाटक उघडून पुढे येतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. दोष गाइडचा एकट्याचा नाही. तीन आठवडे खिडकीशी उभे राहून पाहणारा कुणी हवा असतो, आणि कधी कधी ते काम आपले आपल्यालाच करावे लागते.

या वर्षी ट्यूटोरियलला तोच विषय होता. मी गाइड उघडले नाही. टोनीची हकिकत घेऊन माझ्या शब्दांत उत्तर लिहिले. त्याला गेल्या वर्षीपेक्षा गुण कमी मिळाले. घरी ते भावाला वाचून दाखवले, तेव्हा त्याला ते कळले.