पेशीतल्या ऊर्जेचा दुवा आणि नीरा : डॉ. कमला सोहोनी

आपली प्रत्येक पेशी सतत समतोल सांभाळत असते. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, ही मांडणी टिकवण्यासाठी तिच्या आवरणातले पंप रात्रंदिवस चालतात आणि त्यांना ऊर्जा लागते. अन्नातून ती ऊर्जा मिळवण्याच्या साखळीत सायटोक्रोम सी हे प्रथिन काम करते. हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे दाखवणाऱ्या संशोधक म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

त्या माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, तर दुर्गाबाई भागवत ही सख्खी बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पूर्ण करून त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. मुलगी असल्याने संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर परीक्षा पाहण्याच्या आणि इतर जाचक अटींवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. ते पाहून संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे केंब्रिजला बटाट्याच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी आढळले. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हे प्रथिन पुढे सोपवते, ते शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात आणि वाटेत पेशीला ऊर्जा मिळते. 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. याच प्रथिनाची दुसरी बाजू 1996 मध्ये उजेडात आली. ताण सोसवेनासा झाला की ते मायटोकाँड्रियातून बाहेर पडते आणि पेशी शिस्तीत स्वतःला संपवते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीत आणि कुन्नूरला काम केले. 1947 मध्ये लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले.

वाणगाव, डहाणू, तलासरीच्या पट्ट्यात ताड-शिंदीही आहे आणि कुपोषणही. म्हणून हे काम आपल्याला जवळचे. उपासमारीत पेशी काटकसर करते. पंप मंदावतात, सोडियम आत साचते, पोटॅशियम बाहेर जाते. मूल थंड पडते, मलूल होते, त्याची भूक मरते. शरीराने जगण्यासाठी केलेली ही तडजोड असते. अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घातले, तर मंदावलेल्या पेशींना तो भार पेलत नाही आणि जिवावर बेतू शकते. म्हणून रुग्णालयात सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी थोडा थोडा आहार देतात आणि पेशी सावरल्यावर तो वाढवतात.

नीरा पौष्टिक आहे, पण औषध नाही. ती सूर्योदयापूर्वी उतरवलेली आणि ताजी हवी. ऊन चढले की आंबून तिची ताडी होते, ती मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नये. मुलाच्या दोन्ही पायांवर सूज असेल, दंड बारीक झाला असेल किंवा ते खायला मागत नसेल, तर घरी खाऊ घालून बघू म्हणत थांबू नका. आशाताईंना सांगा आणि त्याच दिवशी त्याला आरोग्य केंद्रात आणा.