निराधार मुलींच्या पंडिता रमाबाई

येथे कॉव्हेंट्रीत, घरचा आधार नसलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी वर्गणी मागितली, की एक प्रश्न हमखास निघतो : संस्था कोणाची, आणि मुलींना कोणत्या वळणावर नेणार? प्रश्न वाजवी आहे. पंडिता रमाबाईंनाही तो जन्मभर विचारला गेला. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले व आईने ते मुलीला दिले. पुराणे सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरले. दुष्काळात आई-वडील व थोरली बहीण गेली. विशीच्या आतच रमाबाईंनी उपासमार पाहिली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८२ साली तेही वारले. पदरी मनोरमा ही लहानगी मुलगी होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला आल्या. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातील आपले गृह दाखविले. समाजाने टाकलेल्या मुलींना तेथे मायेने सांभाळीत. हे दृश्य रमाबाईंच्या मनात घर करून राहिले. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात संस्कृत शिकविले. नंतर अमेरिकेत जाऊन पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, मदत मिळविली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्यास गेल्यावर, १८९३ साली वादळ उठले. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे ठरले होते. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात हे कळताच रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाहेर पडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ती भीती आम्हां बेने इस्राएलांना परकी नाही. आपल्या वाडवडिलांनीही मिशनच्या शाळांत विद्या घेतली, पण शब्बाथ सोडला नाही.

रमाबाई मात्र खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावी आणल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनात दीड-दोन हजार जीव झाले. फसविल्या गेलेल्या मुलींसाठी कृपा सदन निघाले. नुसते अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती, छापखाना, सर्व मुलींच्या हाती दिले. बायबल मराठीत आणण्यासाठी त्या स्वतः हिब्रू शिकल्या; त्याचे खिळे मुलींनीच जुळविले. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे काम आजही चालू आहे.

वर्गणी देण्यापूर्वी प्रश्न जरूर विचारावा. आम्ही त्यात एकच भर घालू : तेथून बाहेर पडताना मुलीच्या हाती काय असते? आपल्या पायांवर उभे राहण्याची विद्या असेल, आणि तिचा धर्म तिच्याजवळच राहत असेल, तर हात आखडू नये.