पद्मभूषण ताराबाई मोडक : इंद्रियशिक्षणाची वाट अंगणापर्यंत

भारतातील बहुतेक राज्यांत, तेथील भाषा कोणतीही असो, लहान मुलांच्या सरकारी केंद्राला अंगणवाडी म्हणतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या शब्दाविषयी सहजच आपुलकी वाटते. मात्र हा शब्द ज्या कामातून रूढ झाला, त्या कामाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आज अंगणवाडी म्हटले की प्रथम पूरक आहार आणि लसीकरण आठवते. ज्या विदुषीने ही कल्पना प्रत्यक्षात आणली, तिच्या मनात त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती : लहान मूल हाताने, डोळ्यांनी, कानांनी आणि साऱ्या अंगाने शिकते, आणि हे शिकणे गरिबातील गरीब मुलालाही मिळाले पाहिजे. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणाला त्या काळी जो विरोध होत असे, तो या घरात नव्हता. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो संसार टिकला नाही आणि 1921 च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झाली. त्या काळातील एका सुशिक्षित स्त्रीला, लहान मुलगी पदरी असताना, हा निर्णय किती जड गेला असेल याची कल्पना आज करणेही अवघड आहे. ताराबाईंनी राजकोटला शिक्षिका घडविणाऱ्या संस्थेत प्राचार्यपद स्वीकारले. पद मानाचे होते, वेतन निश्चित होते आणि पुढील आयुष्य सुरक्षित दिसत होते.

याच सुमारास राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरमध्ये एक निराळा प्रयोग चालला होता. वकिली सोडून शिक्षणक्षेत्रात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. छडी, घोकंपट्टी आणि तासन्‌तास हाताची घडी घालून बसणे हाच जेव्हा शाळेचा सर्वमान्य अर्थ होता, तेव्हा या बालमंदिरात मुले मोकळेपणी हिंडत, वस्तू हाताळत, गोष्टी ऐकत आणि आपापल्या गतीने शिकत. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि राजकोटचे पद सोडून त्या भावनगरला आल्या. मातृभाषा मराठी असलेली ही स्त्री पुढे गुजरातीतून लिहू लागली, शिकवू लागली आणि गिजुभाईंची सर्वांत जवळची सहकारी बनली.

भावनगरच्या प्रयोगाला आधार होता इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा. मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांवर उपचार करताना माँटेसरींच्या लक्षात आले होते की, स्पर्श, दृष्टी आणि हालचाल यांच्या द्वारे दिलेले शिक्षण या मुलांच्या बुद्धीला जाग आणते. 1907 साली रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी तेच तत्त्व सर्वसाधारण मुलांसाठी वापरले. त्यांच्या साधनांमागील युक्ती साधी आणि खोल आहे. प्रत्येक साधन एकाच गुणाकडे लक्ष वेधते. गुलाबी मनोऱ्याचे सर्व ठोकळे रंगाने आणि आकाराने सारखे, भेद फक्त लहानमोठेपणाचा. रंगांच्या पट्ट्यांत भेद फक्त रंगाचा. दट्ट्यांच्या पेटीत प्रत्येक दट्ट्या आपल्याच भोकात बसतो. तो चुकीच्या जागी घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि कोणी न रागावता मुलाला आपली चूक कळते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविताना हाताला अक्षराचे वळण, डोळ्याला त्याचे रूप आणि कानाला त्याचा उच्चार एकाच वेळी मिळतो. लेखणी हाती येण्यापूर्वीच हात लिहायला शिकलेला असतो.

ताराबाईंनी ही पद्धत केवळ राबविली नाही, तर तिचा प्रसार करण्याची जबाबदारीही घेतली. 1926 साली भावनगर येथे नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापन मंदिर चालले. संघाच्या शिक्षणपत्रिकेच्या द्वारे बालशिक्षणाचा विचार आधी गुजराती आणि नंतर मराठी घरांत पोचला. मुलाला मारू नये, भीती घालू नये, त्याच्या कामात विनाकारण अडथळा आणू नये, ही आज सर्वमान्य वाटणारी गोष्ट त्या काळच्या आईवडिलांना पुनःपुन्हा समजावून सांगावी लागे, आणि ताराबाई ते न थकता करीत राहिल्या.

पुढे त्या मुंबईस परतल्या आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशिक्षणाची मराठीतील पाळेमुळे येथे रुजली. मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबांनी ही पद्धत आनंदाने स्वीकारली. कार्याची प्रतिष्ठा वाढली, पण त्याच वेळी एक मोठा प्रश्न उभा राहिला. माँटेसरीची साधने काटेकोर मापाची, कुशल कारागिराकडून बनवून घ्यावी लागणारी, म्हणून महाग होती. पैसे भरू शकणाऱ्या घरांतील मुलांची इंद्रिये तेवढी विकसित व्हावीत आणि खेड्यातील मूल आहे तसेच राहावे, हे ताराबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. गांधीजींचा आग्रहही शिक्षण खेड्याकडे नेण्याचाच होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील स्थिर झालेले काम मागे ठेवून, ताराबाईंनी खेड्याची वाट धरली.

1945 साली ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील, समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. येथे त्यांना अनुताई वाघ ही जन्माची सहकारी मिळाली. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षिका होत्या आणि पुढे ताराबाईंचे काम त्यांनीच शेवटपर्यंत नेले. बोर्डीत आधी प्रश्न आला तो साधनांपेक्षाही मूलभूत. मुले उपाशी, न्हाऊमाखू न घातलेली, खरजेने आणि दुखऱ्या डोळ्यांनी बेजार असत. ज्या मुलाचे अंग खाजते, पोट रिकामे आहे, त्याचे लक्ष रंगाच्या छटांवर कसे टिकणार? म्हणून आंघोळ, नखे कापणे, औषध आणि खाऊ हाही शिक्षणक्रमाचाच भाग झाला. शरीराचे सुख आणि बुद्धीची वाढ वेगळी करता येत नाही, हे ताराबाईंनी व्याख्यानात मांडण्याऐवजी रोजच्या वेळापत्रकात बसविले.

साधनांचे उत्तर मात्र परिसरातच होते. शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती यांचा त्यांनी शिक्षणसाहित्य म्हणून उपयोग केला. शिंपल्यांची लहानमोठी रांग लावता येते. बिया रंगावरून आणि आकारावरून निवडता येतात. गुळगुळीत गोटा आणि खडबडीत दगड डोळे मिटून ओळखता येतात. फुलांचा वास, मातीचा ओलावा, पानांच्या कडा यांसाठी कोणाकडे पैसे मागावे लागत नाहीत. माँटेसरींच्या पद्धतीतील तत्त्व त्यांनी कसोशीने सांभाळले आणि तिचे बाह्य रूप मोकळेपणाने बदलले. एखादी पद्धत खरोखर समजली आहे की तिची नक्कल चालली आहे, हे अशाच वेळी कळते.

1957 साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. येथे नवी अडचण उभी राहिली : मुले शाळेत येत ना. कोणी धाकटे भावंड सांभाळत होते, तर कोणी गुरे राखत होते. मुले आळशी आहेत, पालक बेफिकीर आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरच्या झोपडीसमोरच्या अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. गुरे चरत त्या कुरणात वर्ग भरू लागला, ती कुरणशाळा. मोठी बहीण शिकू शकावी म्हणून धाकट्याला पाळणाघरात ठेवण्याची सोय झाली, आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

कोसबाडने एक गोष्ट विशेष ठळकपणे दाखविली. रानात वाढलेले मूल इंद्रियांच्या बाबतीत दरिद्री नसते. झाडे, पाखरे, पावसाची चाहूल, गुरांच्या सवयी, नाचाचा ठेका हे सारे त्याच्या अंगात मुरलेले असते. शाळेने हे धन ओळखायचे, त्याला शब्द द्यायचे, त्यात क्रम लावायला शिकवायचे, आणि तेथून अक्षरे व अंक यांकडे जायचे. अनुभव आधी आणि पुस्तक नंतर हा क्रम सांभाळला, तर पुस्तक परके वाटत नाही.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. 1973 साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. तो पाहायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचे काम अनुताईंनी 1992 पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, चालू ठेवले.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या चरित्राचे स्मरण करताना आपल्या घरांकडेही पाहावेसे वाटते. तिसऱ्या वर्षी मुलाच्या हाती पेन्सिल देऊन ओळी भरवून घेण्याची घाई आज खेड्यातही पोचली आहे. बोटांना माती, पाणी, दोरा, बिया यांची ओळख होण्यापूर्वी त्यांना काचेच्या पडद्यावर सरकण्याची सवय लागत आहे. त्या पडद्यावर आंबा दिसतो, पण त्याला वास नसतो, वजन नसते, आणि तो खाताना कोपरापर्यंत रस ओघळत नाही. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाला तर मराठीही आधी कानानेच मिळते : आजीच्या हाकेतून, अंगाईच्या सुरातून, स्वयंपाकघरातल्या बोलण्यातून. आंबट, तुरट, खरबरीत, मऊसूत हे शब्द जिभेवर आणि बोटांवर अनुभवले तरच ते मुलाचे होतात. शाळा हे काम एकटी करू शकत नाही.

ताराबाईंच्या कार्याचे मोल मानायचे असेल, तर पालकांनी फार मोठे काही करण्याची गरज नाही. भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवावे, शेंगा सोलू द्याव्यात, कणीक मळू द्यावी, आणि ती करताना मराठीत बोलावे. थोडे सांडेल, वेळही थोडा अधिक लागेल. तेवढा वेळ देण्याचे धैर्य घराने दाखविले, तर शाळेचे अर्धे काम अंगणातच झालेले असेल.