पंडिता रमाबाई आणि केडगांवचें शेत

मुदखेडच्या जंक्शनावर गाडी कधीं कधीं बराच वेळ थांबते. उतारू खिडकींतून डोकावतो, कुरकुरतो, आणि वेळ फुकट गेला असें समजतो. पुढून दुसरी गाडी येत आहे हें त्यास दिसत नाहीं. स्टेशनमास्तरास तें ठाऊक असतें. ख्रिस्ती जीवितांतही असे थांबे येतात. पाऊस दगा देतो, भाऊबंद तोडून टाकतात, उपासनेस चारच माणसें जमतात, आणि खेड्यांतील उपदेशकास वाटूं लागतें कीं, देवास आपला विसर पडला. अशा बंधुभगिनींकरितां आम्ही आज पंडिता रमाबाईंचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकविलें म्हणून त्यांस स्वजनांचा रोष सोसावा लागला. हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरे. १८७४ सालीं उपासमार सोसून आईबाप वारले. मागोमाग थोरली बहीणही गेली. १८८० सालीं भाऊ श्रीनिवास आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति बिपिनबिहारी मेधावी यांस मृत्यूनें नेलें. वयाचीं चोवीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच बाई विधवा झाल्या, आणि पदरीं वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. पुढें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

११ मार्च १८८९ रोजीं बाईंनीं विधवांसाठीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढल्या वर्षीं तें पुण्यास नेलें. बाई प्रार्थनेस बसत तेव्हां खोलीचें दार उघडें असे, व कांहीं मुली आपखुषीनें जवळ येऊन बसत. यावरून १८९३ सालीं शहरांत मोठें काहूर उठलें. प्रतिष्ठित सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. पालकांनीं पुष्कळ मुली परत नेल्या. अनेक वर्षांच्या श्रमांवर पाणी पडलें, असें कोणासही वाटलें असतें.

परंतु बाईंनीं काम सोडलें नाहीं. अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षें मदत देण्याचें कबूल केलें होतें. ती मुदत १८९८ सालीं संपणार होती. पुढें सदन चालावें म्हणून त्यांनीं पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांवीं शेत विकत घेतलें, विहीर खणविली आणि फळझाडें लावलीं. फळांच्या उत्पन्नावर मुलींचा खर्च भागावा, एवढाच त्यांचा विचार होता.

इतक्यांत १८९६-९७ चा दुष्काळ पडला. आपण स्वतः उपासमार भोगली होती, म्हणून बाईंस घरीं बसवेना. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुलीबाया घेऊन आल्या. पण पुण्यांत प्लेग होता. त्यांस शहरांत ठेवण्यास सरकारची मनाई झाली. आतां न्यावें कोठें? केडगांवचें शेत तयार होतें. विहिरीस पाणी होतें. तेथें झोपड्या उभ्या राहिल्या व मुक्तिसदन सुरू झालें. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील कुटुंब सुमारें दोन हजारांचें झालें.

दुष्काळ किंवा प्लेग चांगला, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मराठवाड्यांत राहणारास कोरड्या विहिरीचें दुःख सांगावयास नको. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, बाई झाडें लावीत होत्या तेव्हां देव घर बांधीत होता, आणि हें त्यांस तेव्हां दिसलें नव्हतें.

सर्वच दुःखांचा असा उलगडा मात्र झाला नाहीं. मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. गुलबर्ग्याची शाळा त्याच पाहत. आईमागें काम त्याच चालवितील अशी सर्वांची आशा होती. २४ जुलै १९२१ रोजीं त्या वारल्या. हें कां घडलें, याचें उत्तर बाईंस या जगांत मिळालें नाहीं. प्रकृति खालावली होती, कानांनीं ऐकूं येईना, तरी त्या हातच्या कामाकडे वळल्या. खेड्यांतील साध्या बायांस समजावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. तें संपवून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला तो १९२४ सालीं. बाईंनीं तो पाहिला नाहीं. मुक्तिसदन आजही चालू आहे.

प्रिय उपदेशक बंधो, ज्या घरीं तुम्ही दहा वेळां जाऊन रित्या हातीं परतलां, तेथें अकराव्यांदा जा. ज्या मुलास तुम्ही अक्षर शिकवितां, त्याचें पुढें काय होईल हें तुम्हांस दिसत नाहीं. दिसावें असा हट्टही नको. विहीर खणणें आपलें काम आहे. तिचें पाणी कोणाच्या तोंडीं जाईल हें प्रभूस ठाऊक आहे. आपण त्याच्यावर भाव ठेवून कुदळ हातीं घ्यावी.