प्राध्यापक र. धों. कर्वे

महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मले. मुंबईस विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईतच संततिनियमनाचे केंद्र काढले. हे कार्य सोडावयास तयार नसल्याने १९२५ साली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई खंबीरपणे पाठीशी राहिल्या. त्यांचे नाव आपण फारसे घेत नाही, ही आपलीच चूक. मूल होऊ द्यावयाचे नाही, असे उभयतांनी ठरविले होते.

१९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. त्यापायी अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. मूल केव्हा हवे हे स्त्रीने ठरवावे, हा रघुनाथरावांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले.

कायमची शस्त्रक्रिया पतीने करावी की पत्नीने, असे भगिनी आजही विचारतात. पुरुषाचे पोट उघडावे लागत नाही. जागा बधिर करून वीर्यवाहिन्या कापून बांधतात आणि तो त्याच दिवशी घरी जातो. मात्र सुमारे तीन महिने, तपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते. स्त्रीच्या बीजवाहिन्या पोटात असल्याने तिला धोका अधिक. साठीच्या दशकात पुरुषच अधिक पुढे येत. १९७६ च्या सक्तीने ते बिथरले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची झाली होती अशा ०.३.