उषा मेहता आणि त्यांचा ट्रान्समिटर

वॉकीटॉकीत ऑसिलेटर कॅरिअर तयार करतो, मॉड्युलेटर त्यावर आवाज चढवतो, पॉवर अँप्लिफायर तो अँटेनाला देतो. व्हायव्हासाठी एवढं पाठ असतंच! १९४२ मध्ये मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता याच तत्त्वावर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवायच्या, ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ. आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची बातमी त्यांनी देशाला दिली. पण जी लहर बातमी नेते, तीच पोलिसांच्या शोधक गाडीला पत्ताही देते. म्हणून जागा सारख्या बदलाव्या लागत. शेवटी त्यांच्याच तंत्रज्ञाने फितुरी केली, असं त्या सांगत. १२ नोव्हेंबरला अटक झाली. चौकशीत त्या गप्पच राहिल्या. सुटका १९४६ मध्ये. पुढे त्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण, २००० मध्ये निधन. सर्किट आपल्याला येतंच हो, पण त्यांचं ते गप्प राहणं जमेल का?