गळतीचे गणित मांडणारे जे. पी. नाईक



आपल्या निपाणीपासून फार लांब नसलेल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडी गावी 5 सप्टेंबर 1907 रोजी, म्हणजे आपण शिक्षक दिन साजरा करतो त्याच तारखेला, विठ्ठल हरी घोटगे यांचा जन्म झाला. पुढे जयंत पांडुरंग नाईक या नावाने ते देशाला परिचित झाले. घरची गरिबी होती. तरी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून त्यांनी गणिताची पदवी घेतली. सविनय कायदेभंगात तुरुंगवास भोगला आणि सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या कानडी खेड्यात राहून ग्रामसेवा केली. सीमेच्या या बाजूला त्यांची ही ओळख कमी आहे, याचे आम्हाला वाईट वाटते.

1948 साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. 1964 ते 1966 या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा 6 टक्के हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, ही शिफारस त्याच आयोगाची. ती आजही पुरी झालेली नाही.

पण आम्हाला मोठे वाटते ते त्यांचे आकडे वाचणे. पटावर किती नावे आहेत एवढे पाहून सरकारे खूश होत. नाईक साहेब विचारत, पहिलीत बसलेली तीच मुले चौथीत किती पोहोचली? असे मोजले की चित्र पालटते. आयोगाच्या अहवालात खालच्या प्राथमिक टप्प्यावरील गळती मुलांत सुमारे 56 टक्के आणि मुलींत सुमारे 62 टक्के दाखवली आहे. दोष मुलांचा नाही, दिवसभराच्या एकाच साच्यातील शाळेचा आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून कामकरी मुलांसाठी अर्धवेळ वर्ग असावेत आणि सुटलेल्या मुलाला मध्येच परत येता यावे, यासाठी ते झटले. आईबरोबर विड्या वळायला बसणाऱ्या मुली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

1974 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 30 ऑगस्ट 1981 रोजी त्यांचे निधन झाले. युनेस्कोने जगातील निवडक शिक्षणचिंतकांत त्यांची गणना केली आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही शाळेची जुनी हजेरीपत्रके काढून बसलो. पहिलीतली काही नावे, त्यात मुलींचीच जास्त, चौथीच्या पटावर सापडली नाहीत. काहींनी शाळा बदलली असेल. बाकीच्यांचे काय झाले, याची नोंद आमच्याकडे नाही. यंदाच्या पहिलीची यादी आम्ही वेगळ्या वहीत उतरवली आहे.